बाळूच्या पाठीचं प्रकरण

बाळूने मला पहिल्यांदा दात दाखवले ते जानेवारीतल्या एका रविवारी, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा कसताना. दुसऱ्या भोकात बक्कल अडकवत होते तेवढ्यात मान गर्रकन फिरली आणि माझ्या जॅकेटची बाही त्याच्या दातात. फाडली नाही, नुसती धरली आणि मग स्वतःच दचकल्यासारखी सोडली. मी हसले. पुढच्या रविवारी बाही नव्हती, दंड होता, तेव्हा हसू आलं नाही.

आधी बाळू कोण ते सांगते. तेल्या कुमैत, म्हणजे लांबून काळाच वाटेल असा गडद, थरोब्रेड म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, खच्ची केलेला, वय तेव्हा ११. रेसमधून निवृत्त. रेसबुकातलं त्याचं नाव भलतंच भारदस्त इंग्रजी आहे, ते आमच्यात कोणी घेत नाही. पुण्यात रेसचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर चालतो, मग सगळा कारभार मुंबईला महालक्ष्मीला जातो, आणि दरवर्षी दोन्हीकडून काही घोडे 'आता बास' म्हणून बाहेर पडतात, त्यातले नशीबवान कुठल्यातरी रायडिंग स्कूलमध्ये किंवा माझ्यासारख्या हौशी माणसाकडे येऊन पडतात. मी काही घोडेवाल्यांच्या घराण्यातली नाही हां. सीएच्या ऑफिसात बसून दिवसभर जीएसटीचे रिटर्न भरणारी बाई आहे, चाळिशीत रायडिंग शिकले, बेचाळिसाव्या वर्षी घोडा घेतला, आईने तीन आठवडे अबोला धरला. बाळू सोलापूर रोडच्या बाजूला एका पागेत असतो, मी आठवड्यातून चार दिवस पहाटे जाते, बाकी सगळं मामा बघतात.

मामा म्हणजे आमचे मोतद्दार. माणदेशातले. वय विचारलं की दुष्काळावरून मोजतात. रेसच्या तबेल्यात तीसेक वर्षं काढलीयत, चंदी किती, नालबंद कधी, कुठल्या घोड्याला कुठला कान धरलेला आवडत नाही, सगळं डोक्यात. खरारा करताना ते घोड्याशी अखंड बोलत असतात आणि माणसांशी फारसं बोलत नाहीत.

तर दात दाखवणं वाढत गेलं. मी खोगीर घेऊन येताना दिसले की कान मागे. पाठीवरून ब्रश गेला की कातडी थरथरायची, माशी बसल्यावर थरथरते तशी, फक्त माशी नसायची. डावीकडे कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची उड्यांची चाल, मागितला की शेपूट गरागरा फिरवायचा आणि भलत्याच पायावर निघायचा. मग काय, निदानं सुरू. एका शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, नखरे आहेत, डोक्यावर बसवलाय तुम्ही त्याला. दुसरे म्हणाले लगाम बदला. तिसऱ्यांच्या मते दाणा जास्त होतोय, अंगात आलंय. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना (हा वाक्प्रचार इतका शब्दशः वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं). मामा एकच वाक्य बोलले, तेही बाळूच्या मानेवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता. "ताई, ह्यो वाईट न्हाई. ह्येला दुखतंय."

डॉक्टरांना बोलावलं. हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण नंतर तीनचार जणांनी माझ्याकडे मसाजवालीचा नंबर मागितला आणि डॉक्टरांना दाखवलंत का विचारलं तर नाही. आधी डॉक्टर. आमच्या डॉक्टरांनी त्याला कडक जमिनीवर चालवला, दुडकीने पळवला, एकेक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच सोडून पळवला, लंगडतो का बघितलं. रक्त घेतलं, स्नायूंना इजा झाली की काही एन्झाईम रक्तात वाढतात ती बघायला. तोंड उघडून दात तपासले, घोड्याचे दात वय वाढेल तसे वर सरकत राहतात आणि चघळून चघळून त्यांच्या कडा धारदार होतात, त्यातल्या दोन कानशीने घासून दिल्या. पोटात अल्सरची शंका होती, रेसच्या घोड्यांमध्ये तो सर्रास सापडतो आणि तंग कसताना चिडणं हे त्याचंही लक्षण असू शकतं, म्हणून दाणा कमी करून गवत वाढवलं, औषधाचा कोर्स झाला. थोडा फरक पडला, पण पाठ तशीच. पाय ठीक, रक्त ठीक. शेवटी डॉक्टर म्हणाले स्नायूंचं दुखणं वाटतंय, खोगीर एकदा नीट बघून घ्या, आणि एक मुलगी आहे, मूळची माणसांची फिजिओ, बाहेरून घोड्यांचं बॉडीवर्क शिकून आलीय, मुंबईहून येते, तिला विचारा.

तिला फोन केला तर मला वाटलं ती तारीख देईल, तर तिनेच माझी उलटतपासणी घेतली. डॉक्टरांनी काय सांगितलं, रिपोर्ट पाठवा. ताप आहे का? पोटदुखी झाली होती का एवढ्यात? कुठे ताजी सूज, जखम, कातडीवर गजकर्णासारखं काही? व्यायामानंतर कधी अंग आखडून जागेवर उभा राहिला होता का? यातलं काही असेल तर मी हात लावणार नाही, म्हणाली, काही वेळा मसाजने बरं व्हायच्या ऐवजी बिघडतं. फी अडीच हजार आणि येण्याजाण्याचं पेट्रोल. मी हो म्हटलं. घरी सांगताना दीड हजार सांगितले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सातला आली. लहानशी, पाठीला सॅक. माझ्या डोक्यात तेलाच्या बाटल्या, कसलंतरी मशीन वगैरे चित्र होतं, सॅकमधून निघालं काय तर एक टॉवेल, खडू आणि पाण्याची बाटली. आणि पहिली वीस मिनिटं तिने घोड्याला हातच लावला नाही. सिमेंटवरून चालवायला सांगितला आणि स्वतः डोळे मिटून नालांचा आवाज ऐकला. मग सुरक्षित अंतरावर स्टूल ठेवून त्यावर चढली आणि मागून त्याच्या पाठीकडे बघत बसली, वरून कण्याची रेघ सरळ दिसते का, दोन्ही खांदे सारखे भरलेत का. मग म्हणाली, काल खोगिराखाली घातलेलं कापड आहे का, न धुतलेलं? मामांनी ते आणलं. सगळं कापड घामाने आणि केसांनी मळलेलं, फक्त पुढच्या बाजूला डावीकडे तळहाताएवढा एक डाग स्वच्छ. मला वाटलं चला, तिथे तरी ठीक आहे. तर उलटं. तिथे इतका दाब पडतोय की घामसुद्धा नीट सुटत नाही. त्याच जागी त्याच्या अंगावर पाचपंचवीस पांढरे केस उगवलेले तिने बोटाने बाजूला करून दाखवले, सततच्या दाबाने केसांचं मूळ दुखावलं की तिथे पांढरे केस येतात. हे केस मी रोज बघत होते. मला ते गोड वाटायचे.

मग हात. डाव्या कानाच्या मागे बोटांची टोकं ठेवली आणि मानेवरून खाली, इतकं हळू की मला आधी वाटलं ती थांबलीय. दाब किती द्यायचा याची तिची भाषा मजेशीर आहे, जिम मास्टरसन नावाच्या अमेरिकन माणसाच्या पद्धतीतली: सगळ्यात आधी तर नुसती हवा, मग अंड्याचा बलक न फुटेल इतका, मग द्राक्ष, मग मऊ लिंबू, मग कडक लिंबू. त्या दिवशी ती बलकाच्या पुढे फारशी गेलीच नाही. मी मनात हिशोब केला, अडीच हजार रुपयांचा बलक.

पण ती बघत कुठे होती? हाताकडे नाही, डोळ्याकडे. हात सरकत असताना त्याची पापणी लवली की तिथेच थांबायचं. काही दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसतं थांबायचं. अर्धा मिनिट, मिनिट. मग तो ओठ हलवतो, जीभ फिरवतो, चघळल्यासारखं करतो, की पुढे. मानेवर तीनचार ठिकाणी असं झालं. मग हात विदर्सवर आला, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर, आणि त्याच्या मागे डाव्या बाजूला त्या पांढऱ्या केसांपाशी पोचला, आणि बाळू एकदम पुतळा झाला. डोकं वर, डोळा स्थिर, श्वास पण थांबल्यासारखा. मला वाटलं शांत झाला. ती हळूच म्हणाली, "हे शांत होणं नाहीये ताई, हे लपवणं आहे. शिकार होणारं जनावर आहे, दुखतंय हे दाखवलं तर वाघ त्यालाच धरेल." आणि हात तिथेच, अजून हलका केला, कातडीला जेमतेम टेकेल इतका.

घड्याळात बघितलं मी, दोन मिनिटं होऊन गेली. मामा खाकरले. कावळे ओरडत होते, शेजारच्या ठाणातली घोडी बादली आपटत होती. आणि मग बाळूचं डोकं खाली यायला लागलं, कोणीतरी दोरी सैल सोडल्यासारखं, हळूहळू गुडघ्यापर्यंत. खालचा ओठ लोंबला. जबडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि त्याने जांभई दिली. घोड्याची जांभई जवळून बघितली नसेल तर सांगते, आधी वरचा ओठ दुमडतो, पिवळट दात आणि हिरड्या पूर्ण दिसतात, डोळे पांढरे होईपर्यंत वर फिरतात, आणि गवताचा आंबूस वास येतो. एक झाली. दुसरी. मी मोजल्या, लागोपाठ सात. मामांनी लगाम धरलेला हात सैल केला आणि म्हणाले, "अफू चारली का काय पोरीनं?"

मी तिला विचारलं हे नेमकं काय आहे. ती म्हणाली ज्या रेषेवरून हात फिरवला तिला चिनी वैद्यकात मेरिडियन म्हणतात, ऊर्जा वगैरे, मला त्यातलं किती खरं माहीत नाही, पण पापणी खरी आहे. हे उत्तर मला आवडलं. ऊर्जा-बिर्जा म्हणाली असती तर बहुतेक दुसऱ्यांदा बोलावलं नसतं. घोडे एकमेकांना विदर्सच्या पुढेमागे दातांनी खाजवतात ना, त्या जागी माणसाने खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. मी पण मग स्टेथोस्कोप आणला, डाव्या कोपराच्या मागे लावून अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. पुढच्या वेळी सुरुवातीला ४२ होते, शेवटी ३४. हिशोबाची सवय, दुसरं काय.

खडूचं काम त्यानंतर. तिने बाळूच्या अंगावर हाडं काढून दाखवली, मामा खूश, त्यांना वाटलं पोळ्याच्या बैलासारखा सजवतेय. आणि एक गोष्ट कळली जी इतकी वर्षं घोड्यावर बसून मला माहीत नव्हती. घोड्याला आपल्यासारखं हासळीचं हाड नसतं. पुढचे दोन पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, छातीचा सगळा पिंजरा दोन खांद्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकवलेला आहे. झोळीत पोर निजवतात तसा. आणि उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यात आपण वर बसतो. आता झोळीची एक बाजू आखडली तर पोर कलंडणार, खोगीर कलंडणार, बसणारा कलंडणार. पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली तर स्नायू जवळपास नाहीतच, नुसते दोर, जे वर बिघडतं त्याचा भार ते झेलत बसतात.

मग बरगड्या मोजल्या. १८ जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून पुढे कंबर, खाली आधार नाही. आमचं खोगीर मांडलं तर ते चार बोटं मागे. ते मी माझ्या मापाने घेतलं होतं, सीट १७ इंच, रंग छान, कातडं छान. बसणाऱ्याचं माप घेतलं आणि ज्याच्या पाठीवर ठेवायचं त्याचं नाही, आता लिहिताना लाज वाटते. रेसमध्ये बाळूने आयुष्यभर चपलेएवढं खोगीर वाहिलं होतं, त्याला तरी काय माहीत.

पुण्याच्या कॅम्पात एक कातड्याचं काम करणारे कारागीर आहेत, त्यांनी ते उलटं करून खालची गादी उसवली. आत लोकर. डावीकडे तिच्या गाठी झाल्या होत्या, लिंबाएवढ्या, आणि मधे काहीच नाही. खोगीरभरती हा शब्द मी आयुष्यभर ऑफिसातल्या लोकांबद्दल वापरला, खोगिरात खरंच भरती असते आणि ती वाईट असली तर कुणाची तरी पाठ जाते हे त्या दिवशी त्या गाठी हातात घेऊन कळलं. भरती नव्याने करून घेतली पण लांबी काही कमी होत नाही, शेवटी ते विकलं, तोट्यात, आणि दुसरं जुनं घेतलं, यावेळी बाळूच्या पाठीला तारेचा साचा लावून, कागदावर आकार काढून. या सगळ्यात सहा आठवडे बसणं बंद. हातात दोरी धरून नुसतं चालायचं, उतारावर, चढावर, जमिनीवर आडव्या टाकलेल्या बांबूंवरून.

त्या सहा आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हणजे तिने मला दिलेलं काम होतं रोज वीस मिनिटं, बलक आणि द्राक्ष, बास. पण चौथ्या दिवशी कंटाळा येतो हो. व्हिडिओ बघितले, त्यात एक दणकट माणूस घोड्याच्या पाठीत कोपर घालून सगळं वजन टाकतो आणि घोडा डोळे मिटून उभा. मी पण स्टूलवर चढले, कोपराचं टोक बरोब्बर कमरेवर ठेवलं आणि टाकला भार. बाळूने आधी कान मागे केले. मग शेपूट आपटली. मग पाठ खाली दबवली. मला वाटलं गाठ सुटतेय. मग त्याने मान वळवून माझी मांडी धरली, आणि यावेळी जानेवारीसारखी सोडली नाही. दातांच्या दोन ओळी, वरची आणि खालची, महिनाभर निळ्याच्या हिरव्या आणि हिरव्याच्या पिवळ्या होत होत्या. तिला फोन केला तर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही त्याचं ऐकत होतात की व्हिडिओचं?"

मामा हसले नाहीत, उलट चिडले. माझ्यावर. "मला इचारायचं हुतं की." आणि मग त्या संध्याकाळी त्यांनी मला जे दाखवलं ते इतके महिने माझ्या समोर चालू होतं आणि मी फोनवर असायचे. सुकं गवत घेऊन, पाण्याचा हबका मारून ते चुंबळीसारखं घट्ट वळायचं. उजव्या हातात चुंबळ, डावा हात घोड्यावर. मानेवर, खांद्यावर, मागच्या मांडीवर थाप मारायची आणि तशीच ओढून घ्यायची, ताल धरून, थाप-ओढ, थाप-ओढ. थाप पडायच्या आधी तो स्नायू स्वतःच घट्ट होतो आणि ओढताना सुटतो, दहा मिनिटांत ते कातडं असं चमकायला लागतं की त्यात दिवा दिसतो. पोटाला नाही, कमरेला कधीच नाही, हाडावर नाही. मग चुंबळ ठेवून हात. मनगट आणि कोपर यांच्या मधला मांसाचा भाग, तो आडवा लावायचा आणि आपलं अंग मागेपुढे झुलवायचं. "कोपर न्हाई वं ताई, कोपराच्या अलीकडं. टोक लावलं की सुरा झाला त्यो." रेसच्या तबेल्यात संध्याकाळी मालिश करताना घोड्यापेक्षा माणसाला जास्त घाम यायचा, आला नाही तर ट्रेनरसाहेब विचारायचे, काय रे बसला होतास का.

पुढच्या खेपेला फिजिओ आली तेव्हा मी तिला हे सांगितलं, तर तिने स्वतःचं काम सोडून मामांना करायला लावलं आणि मोबाईलवर शूट केलं. दोघं अर्धा तास बोलत बसले, तिची भाषा वेगळी आणि यांची वेगळी, पण बोट एकाच जागी. सगळ्यात एकमत झालं असं नाही. मामांना कापूर घातलेलं तेल चोळायचं होतं, ती म्हणाली खोगिराच्या जागी अजिबात नको, कातडी भाजते वर तंग घासतो. मामा "बरं" म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे बघू. बाटली अजून फळीवर आहे, तिच्यातलं तेल कमी होतंय की नाही त्यावर मी लक्ष ठेवून आहे.

ती रोजची वीस मिनिटं आता पस्तीस झालीयत आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट शेपटीची. शेपूट म्हणजे कण्याचंच मागचं टोक. घोड्याच्या थेट मागे उभं राहायचं (मामांनी पहिले पंधरा दिवस मला हे करू दिलं नाही, स्वतः डोक्याशी उभे राहिल्यावरच), शेपटीचं मूळ दोन्ही हातांत धरायचं आणि मागे झुकायचं, ओढायचं नाही, आपलं वजन फक्त. पहिल्यांदा त्याने शेपूट चिकटवून घेतली. आठवड्याने सैल दिली. आता मी झुकले की तो पुढे झुकतो, दोघं एकमेकांना धरून तोललेलो असतो, आणि त्याच्या पाठीतून विदर्सपर्यंत एक लाट जाते, ती हाताला कळते. दुसरं गाजर. गाजर बरगडीशी धरायचं, मग मागच्या मांडीशी, मग पुढच्या दोन पायांच्या मधे खाली, म्हणजे मान वळवून, वाकवून त्याला ते घ्यावं लागतं, प्रत्येक जागी पाच वेळा. हे लाड वाटतात पण २०११ साली आठ घोड्यांवर याचा अभ्यास झालाय, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने, कण्यालगतचे खोलवरचे स्नायू जाड झालेले सोनोग्राफीत दिसले. मालिश करून आखडलेलं सुटतं पण बळ येत नाही, बळ त्याने स्वतःच कमवायला लागतं. गाजरं महाग झाली तेव्हा काकडीवर भागवलं. मुळा थुंकतो.

मे महिन्यात परत बसायला लागले. नवीन खोगीर, पाठ मऊ, तंग कसताना फक्त कान हलतो. आम्ही खूश. जुलैत पाऊस लागला आणि परत डावीकडे तेच. दात नाही, पण शेपूट फिरवणं सुरू. कापडावर डावीकडचा स्वच्छ डाग, आधीपेक्षा लहान, पण होता. मी वैतागून तिला म्हटलं तुझं काम टिकत नाहीये. ती म्हणाली, तुम्ही बसा, मला मागून बघू दे. दोन चकरा मारल्या. व्हिडिओ दाखवला. माझा डावा खांदा खाली, डावी रिकीब उजवीपेक्षा लांब दिसतेय, प्रत्येक उडीला मी डावीकडे बसतेय, ठप, ठप, ठप. सतरा वर्षं डाव्या खांद्याला पर्स आणि डाव्या बाजूला ठेवलेला दुसरा मॉनिटर. पुढच्या वेळी ती घरातले असतात तसे दोन वजनकाटे घेऊन आली. एकावर डावा पाय, एकावर उजवा, समोर बघा, खाली बघू नका. डावीकडे ३७, उजवीकडे २९ (कृपया बेरीज करू नये). आठ किलोचा फरक. आठ किलोचं पोतं मी त्याच्या त्याच एका जागेवर आपटत होते, आणि वरून पाच महिने त्याच जागेला अंड्याच्या बलकासारखी जपत होते.

मग माझी वरात निघाली माणसांच्या फिजिओकडे. तिथे बलक-द्राक्ष कोणी विचारलं नाही, सरळ अंगठा घातला, माझ्या उजव्या कुल्ह्यात असं काहीतरी सापडलं की मी मामांसमोर कधी काढला नसता असा आवाज काढला. बाळूला का चावावंसं वाटलं ते त्या टेबलावर पालथं पडून नीट कळलं. पर्स गेली, सॅक आली. मॉनिटर मधोमध आणला, ऑफिसातल्या शेजारणीला वाटलं मी तिच्यावर रागावलेय.

सगळं बरं झालं असं नाही. थंडीत पहिली दहा मिनिटं तो अजून आखडलेला असतो, डाव्या कँटरला तीनातून एकदा चुकतो. ते पांढरे केस आहेत तसेच आहेत, ते आता जायचे नाहीत. फिजिओ दर पंधरा दिवसांऐवजी सहा आठवड्यांनी येते, नालबंदाच्या आदल्या नाहीतर दुसऱ्या आठवड्यात. घरी अजून दीड हजारच माहीत आहे.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा काटे परत काढले. माझे ३४ आणि ३१. बाळूला त्याचं काही नाही, तो माझ्या सॅकमध्ये गाजर शोधत होता. मामा शेजारी उभे होते, म्हटलं मामा तुम्ही पण उभे राहा ना, बघू तरी. नको नको करत वहाणा काढल्या, पाय पंच्याला पुसून काट्यावर ठेवले, आणि घोड्यावर बसल्यासारखं ताठ समोर बघत उभे राहिले. फरक ११ किलोचा. ती एकदम काळजीत पडली, काका तुमचा गुडघा दुखतो का, कंबर धरते का, जरा बसा बघू. मामा काट्यावरून उतरले आणि वहाणा चढवल्या.

"माझं ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "माझ्यावर कोन बसतंय?" आणि चुंबळ वळायला गवत आणायला गेले.